ताई, गाडी कोणती?

कस्टमर केअरला माफी मागायला फार आवडतं. फोन उचलल्यावर माफी, होल्डवर ठेवताना माफी, होल्डवरून परत आल्यावर पुन्हा माफी. गेल्या महिन्यात गाडीच्या कॅरियरपायी मी अकरा दिवस या माफ्या गोळा करत होते. पण 'ताई, गाडी कोणती?' हा साधा प्रश्न त्यांच्यापैकी एकानेही विचारला नाही.

आमची गाडी सीएनजीवरची. बडोद्यात आमच्या निम्म्या गल्लीच्या गाड्या सीएनजीवरच चालतात. डिकीत सिलिंडर बसतो आणि सामान येतं मांडीवर. एरवी निभावून जातं. पण मामेभावाचं लग्न धुळ्याला होतं आणि आजीला काहीही झालं तरी यायचंच होतं. आजी आली म्हणजे तिची घडीची व्हीलचेअर आली. ती ठेवायला जागा उरली फक्त छतावर.

आता ज्यांना कॅरियर घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडं छताबद्दल. जुन्या अँबॅसेडर, पद्मिनीच्या छताला दोन्ही कडांना पन्हळ असायची. कॅरियरचे पाय त्यात अडकवून आवळले की काम झालं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना ती पन्हळच नाही. काहींच्या छतावर लांब दांडे, म्हणजे रूफ रेल असतात, आणि त्यातले काही नुसते शोभेचे असतात, वजन पेलण्यासाठी नाहीत. आमच्या गाडीसारख्या सपाट छताला तर दाराच्या चौकटीला पकडणारे, त्या मॉडेलच्या मापाचे क्लॅम्प लागतात. शिवाय छतावर किती किलो चालतील हे गाडीच्या पुस्तिकेत पाहायचं आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं.

हे सगळं वाचून ठेवलं होतं, म्हणूनच मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारलं. मॉडेल, वर्ष, आणि 'छताला रेल नाहीत' हेही स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं: 'येस मॅम, सगळ्या गाड्यांना बसतो.' खोक्यातून निघाला तो फक्त रेलवर बसणारा.

मग सुरू झाली माफ्यांची मालिका. न्यायला आलेला मुलगा 'खोकं उघडलंय' म्हणून रिकाम्या हाताने परत गेला. (न उघडता बसतो की नाही ते कसं कळणार, हे त्यालाही पटलं, पण त्याच्या ॲपला पटेना.) फोनवरच्या मुलीने दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. तिच्यावर मी फार चिडले नाही. माझ्याच वयाची असेल, आणि 'रिफंड दे' असं बटण तिच्यासमोर नसावंच. पण सातव्या दिवशी मेसेज आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना कर्मणी प्रयोग डोक्यावरून जायचा, तो त्या दिवशी पक्का कळला. करण्यात आले. कोणी केले? कोणीच नाही.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा बाबा सरळ गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानदार भाव सांगण्याआधी बाहेर आला, दार उघडून वरच्या कडेवरून बोट फिरवलं, मॉडेल आणि वर्ष विचारलं. मग विचारलं, 'वर ठेवायचं काय?' व्हीलचेअर म्हटल्यावर, 'वजन किती?' ते आम्हालाही सांगता आलं नाही, म्हणून घरी येऊन काट्यावर ठेवली. चौदा किलो. सुतळीऐवजी आवळायचा पट्टा घ्या आणि अर्ध्या वाटेत थांबून एकदा ओढून बघा, असंही त्याने बजावलं. ऑनलाइनपेक्षा महाग पडला, पण आजी खिडकीशी बसून धुळ्याला पोहोचली.

पैसे मात्र सोडायचे नव्हते. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. वस्तू जाहिरातीत सांगितली तशी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. या नियमांचा उल्लेख करून, विक्रेत्याच्या त्या 'येस मॅम'चा आणि बंद केलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट जोडून मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. त्याचं नाव-संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे, फक्त पार तळाशी शोधावं लागतं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार पुढे पाठवून पाठपुरावा करते. त्यानेही भागलं नाही, तर 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, तेही दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

माझी गाडी तिथवर गेली नाही. हेल्पलाइनवर नोंद केल्यानंतर आठव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली, अर्थातच एका माफीसकट. कॅरियर न्यायला मात्र अजून कोणी आलेलं नाही. दोनदा कळवून झालं. तोवर तो गच्चीत उलटा ठेवलाय आणि त्यावर कापड अंथरून आई पापड वाळवतेय.