घन म्हणजे निर्धोक नव्हे

कुवेतमधील मंगफ येथे १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीस लागलेल्या ज्या आगीत चाळीसहून अधिक भारतीय दगावले, ती बॅटरीची नव्हे, विजेच्या शॉर्टसर्किटची होती; तथापि २०१६ साली कुवेतमधीलच मित्रिबाह येथे पारा ५३.९ अंशांवर गेलेल्या त्या मुलखात, ज्वालाग्राही द्रवाची लिथियम बॅटरी दाटीच्या खोलीत उशाशी चार्ज करणे धोक्याचेच. त्या द्रवाऐवजी पॉलिएथिलीन ऑक्साइडसारखे घन पॉलिमर वापरावे, ही १९७०च्या दशकातील कल्पना मोहक खरी. गंमत अशी, की सुमारे ६० अंशांवर पॉलिमरच्या साखळ्या सैल झाल्यावाचून ते आयनांना धड वाट देत नाही! शिवाय, अशाच बॅटऱ्यांच्या दोन बसगाड्या पॅरिसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये पेटल्या आणि १४९ गाड्या तात्पुरत्या मागे घ्याव्या लागल्या. सबब, नव्या बॅटरीची वाट न पाहता मोकळ्या जिन्यांची व वायरिंगच्या तपासणीची तजवीज सरकारने व मालकांनी आधी करावी.