डिस्क टिकेल हो, पण वाचणार कोण?

घरातल्या कपाटात जुन्या फोटोंची एखादी सीडी असेलच. यूएसबीवाला ड्राइव्ह आणा, लावा. ओरखडे नसतील तर ती आजही उघडते. कारण डेटा सीडीवरचा ब्लॉक २०४८ बाइटचा असतो आणि हे विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांना पाठ आहे.

आता दुसरी डिस्क बघा. २००३ मध्ये प्लाझमॉन या ब्रिटिश कंपनीने यूडीओ आणली. ३० जीबीची, कार्ट्रिजमध्ये बंद, वर्षानुवर्षं जपायच्या रेकॉर्डसाठी. पन्नास वर्षं टिकेल, हा कंपनीचा दावा. तिचा ब्लॉक मात्र ८१९२ बाइटचा. हा काही चक्रमपणा नव्हता. प्रत्येक ब्लॉकबरोबर त्याची ओळख आणि चूक-दुरुस्तीची माहिती ठेवावी लागते. ब्लॉक मोठा केला की हा पसारा कमी होतो.

घोळ झाला तो पुढे. आपल्या नेहमीच्या पीसीवर लिनक्स मेमरी ४०९६ बाइटच्या पानांमध्ये मोजतो. ब्लॉक एका पानात मावणारच, हे कर्नेलमध्ये ठिकठिकाणी गृहीत धरलेलं. ८ केबीची डिस्क आली की तो सरळ हात वर करायचा. म्हणजे ड्राइव्ह धडधाकट, डिस्क धडधाकट, केबल नीट, आणि फाइल काही उघडत नाही! ड्राइव्हला थेट स्कझी कमांड पाठवून कच्चे ब्लॉक वाचता येतात म्हणा, पण त्यात फाइल कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मग तुम्हीच शोधा. नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, कंपनी असेपर्यंत.

पानापेक्षा मोठा ब्लॉक एक्सएफएस फाइल सिस्टिमला जमू लागला २०२४ च्या अखेरीस, लिनक्स ६.१२ मध्ये. ब्लॉक डिव्हाइसच्या थराला २०२५ मध्ये, ६.१५ ला. तोवर प्लाझमॉन बुडून पंधराएक वर्षं झाली होती. आणि हे जुन्या डिस्कची दया येऊन झालं नाही; नव्या एसएसडींना मोठे ब्लॉक हवे होते. त्यामुळे यूडीओ आपोआप चालू लागली, असंही समजू नका. स्कझी डिस्कच्या ड्रायव्हरची चालणाऱ्या आकारांची यादी वेगळी, आणि ती वर्षानुवर्षं ४०९६ ला संपत आली.

'किती वर्षं टिकेल?' हे विकणाऱ्याला सगळेच विचारतात. ड्रायव्हर कुणाचा, त्याचा कोड खुला आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. कॉलेजच्या लायब्ररीत जुने प्रबंध स्कॅन करून साठवायचं चाललं असेल, तर तुम्ही विचारा. सर थोडे वैतागतील, चालेल. आणि कम्प्युटरवाले असाल तर मायनर प्रोजेक्टला आणखी एक अटेंडन्स ॲप करण्याआधी त्या ड्रायव्हरची फाइल उघडा. ती यादी शोधायला एक दुपार पुरेल.