पहिल्याच इनिंगला सांगा

सॉफ्टबॉलचा सामना संपला की पिचरच्या प्लेटपुढची माती जरा वाकून बघा. मागचा पाय घासत आला असेल, तर प्लेटपासून सलग चर पडलेला दिसतो. चर मध्येच तुटून फूट-दीड फूट पुढे चवड्याचा खड्डा दिसला, तर समजा, पोरीने उडी मारून पाय पुन्हा रोवला आणि तिथून रेटा घेतला. हा क्रो हॉप. ही इल्लिगल पिच. महिलांच्या सामन्यात पिचर आणि होमप्लेटमधलं अंतर 43 फूट. त्यातलं फूट-दीड फूट असं खाल्लं, तर बॅटरने चेंडू बघायचा कधी?

नाशिकच्या पंचांना माझी विनंती एवढीच, की हे जिल्ह्याच्या पहिल्या सामन्यात, पहिल्याच इनिंगला सांगा. ‘लहान आहे, जाऊ दे’ ही माया पुढे महागात पडते. तीच मुलगी जिल्हा जिंकून विभागाला जाते, धुळे-जळगावच्या संघापुढे उभी राहते आणि तिथले पंच लागोपाठ तीन पिच अवैध ठरवतात. ती रडवेली होऊन सरांकडे बघते. सर तरी काय सांगणार?

क्रिकेटवाल्यांना 1995ची मेलबर्न कसोटी आठवत असेल. पंच डॅरेल हेअर यांनी मुरलीधरनला सात नोबॉल दिले. कर्णधाराने त्याला दुसऱ्या टोकाला आणलं, तिथे स्टीव्ह डन यांनी एकही दिला नाही. तोच गोलंदाज, तोच हात. मुरली त्यातून तरला. चौदा वर्षांच्या पोरीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तेव्हा सामन्याआधी दोन्ही पंचांनी पाच मिनिटं बोलून घ्या. पाय कोण बघणार, हात कोण बघणार, ते ठरवा. कोणतं नियमपुस्तक धरणार, हे दोन्ही संघांच्या सरांना सांगा. अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांत अलीकडे पाय हवेत गेलेला चालतो, पुन्हा रोवलेला नाही. यूट्यूब बघून शिकणाऱ्या मुलींचा घोळ इथेच होतो. आणि आघाडीवरच्या संघाला एक न्याय, हरणाऱ्याला दुसरा, असं चुकूनही नको.

पालकांनो, मोबाइलवर स्लो मोशन जरूर काढा. पण ते जाळीमागून पंचांना दाखवत ओरडायला नव्हे. घरी जेवणं झाली की लेकीला शेजारी बसवून तिचा पाय तिलाच दाखवा.