नदीला तटबंदी कशासाठी?

फौजेत नदीकडे बघण्याची एक रीत शिकवतात. काठ किती उंच आहे, उतार कसा आहे, तळाला वाळू आहे की चिखल, धार किती जोराची, माणूस कुठून उतरेल आणि पलीकडे कुठून चढेल. पंजाबच्या सीमेवर आपण मुद्दाम खंदक आणि बांध घातले आहेत. खोल पाणी आणि उभा काठ, म्हणजे समोरच्याला सहज उतरता येऊ नये आणि उतरलाच तर वर येता येऊ नये. आमच्या भाषेत याला अडथळा म्हणतात. आता हीच रचना आपली शहरं आपल्याच नागरिकांसाठी करतात आणि तिला ‘रिव्हरफ्रंट’ म्हणतात.

अहमदाबादला पोस्टिंग होतं तेव्हा साबरमतीच्या काठावर मी रोज पळायचो. त्यामुळे चांगलं काय आहे ते आधी सांगतो. दोन्ही तीरांवर साडेअकरा किलोमीटर सलग वाट, एकही सिग्नल नाही, एकही गाडी अंगावर येत नाही. पहाटे ज्येष्ठ मंडळी निर्धास्त चालतात, संध्याकाळी बायका मुलांना घेऊन बसतात. आपल्या किती शहरांत ही सोय आहे? त्यामुळे रिव्हरफ्रंटचं कौतुक करणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही.

पण त्या वाटेवरून जे पाणी दिसतं, त्याची चौकशी करा. साबरमती मुळात पावसाळी नदी. वर्षातला बराच काळ वाळूचं रुंद पात्र, त्यात भाजीपाला व्हायचा, धोबी कपडे वाळवायचे, सर्कशीचे तंबू पडायचे. आज शहरात बारमाही दिसतं ते बहुतांशी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बराजला अडवून धरलेलं पाणी आहे. पात्राची रुंदी साधारण २६३ मीटर अशी एकसारखी करून टाकली, दोन्हीकडे भिंती उभ्या केल्या आणि मागे भराव घालून दोनशे हेक्टरच्या वर जमीन काढली. वासण्याच्या खाली जाऊन बघा. तिथे बाग नाही, आहे ते सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयाला या प्रदूषणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे शहराच्या मधोमध एक लांबलचक तलाव झाला आणि नदी होती तिथेच राहिली.

हे गुजरातचं गुजरात बघून घेईल, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण तोच नमुना आता पुण्यात आला आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर. आराखडाही अहमदाबादच्याच संस्थेचा. एनडीएत आम्ही शिडाची होडी चालवायला शिकलो ती खडकवासल्याच्या पाण्यात, म्हणून या नदीबद्दल बोलायचा थोडा हक्क मी घेतो.

मुठेच्या डोक्यावर चार धरणं आहेत: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. धरणं भरली की पाणी सोडावंच लागतं, आणि सोडलेलं पाणी आराखडा वाचून येत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. पानशेत फुटलं १९६१ साली, पण इतका साधा हिशेब कळायला धरण फुटावं लागत नाही. तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं असेल तर ते उंच तरी चढेल, नाहीतर जोरात तरी धावेल.

समर्थक म्हणतात, पूररेषेचा विचार केला आहे, शिवाय भिंत नसेल तर अतिक्रमणं होतात. अतिक्रमणाची भीती खरी आहे. पण ते थांबवायला नकाशा, कायदा आणि हलवता न येणारा अधिकारी लागतो. ते जमत नाही म्हणून आपणच भराव घालायचा, म्हणजे अतिक्रमणावर पालिकेचा शिक्का मारण्यासारखं झालं.

वाट हवीच. मलाही हवी आहे. पण ती पुरात बुडणारी असावी. पुण्याला हे नवीन नाही, भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा लोक दोन दिवस दुसऱ्या रस्त्याने जातात आणि पाणी उतरलं की पुन्हा तिथूनच. मुरमाची पायवाट, काठावर मूळ धरणारी देशी झाडं, जागोजागी पाण्यापर्यंत उतरणारा घाट, गाळ साचला तर फावड्याने काढायची तयारी. दिल्लीत वजिराबादजवळ यमुनेच्या पूरक्षेत्रात गवताळ आणि पाणथळ जागा पुन्हा उभ्या करून जैवविविधता उद्यान केलं आहे, तिथे लोक फिरायला जातातच. आणि या सगळ्याच्या आधी मैलापाणी. नाल्यांचं पाणी शुद्ध न करता काठावर बाक टाकले, तर नाकाला रुमाल लावून बसायची सोय होईल, एवढंच.

पुणेकरांनो, आणि नदीकाठच्या कुठल्याही शहरातल्या वाचकांनो, पुढच्या वेळी रंगीत चित्रं दाखवली की नदीचा आडवा छेद मागा. आजचं पात्र किती, बांधल्यावर किती, पुराचं पाणी किती चढणार. हे तीन आकडे मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नका.