तळ्याकाठचा वाघ आणि धुऱ्यावरचा वाघ

ताडोबाचे तळे पाहून आलेले आमचे कास्तकार बंधू त्याची तोंड भरून स्तुती करतात, आणि ती यथार्थच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील हे वन 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील अशा उद्यानांत हे सर्वांत जुने. तळ्यात बारमास पाणी असते, काठावर मगरी ऊन खात पडतात, सांबर-चितळ पाण्यावर येतात, आणि नशीब असल्यास वाघही दिसतो. शहरातील माणसे त्यासाठी पुष्कळ द्रव्य खर्चून दुरून येतात. मोकळ्या हवेत चार घटका घालविण्याच्या या हौसेस आम्ही नावे ठेवीत नाही. तिच्यामुळे तेथील गावांच्या तरुणांस वाटाड्याचे व जिप्सी हाकण्याचे काम मिळाले, हे उघड आहे.

त्याच तळ्याकाठी झाडाखाली तारूचे देवस्थान आहे. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना पडला व त्यावरून ताडोबा हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. वाघाने मारलेल्या माणसास जुन्या लोकांनी देव मानले. आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागात 2016 ते 2018 या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर आला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीनजीक तिला गोळी घातली गेली. तिचे दोन बछडे मागे राहिले. देशभर हळहळ झाली, ती आम्हांस गैर वाटत नाही. त्या तेरांपैकी एकाचे तरी नाव हळहळणाऱ्यांस ठाऊक होते काय?

हे घडले ते रान ना अभयारण्य, ना व्याघ्रप्रकल्प. टिपेश्वरचे अभयारण्य जवळ असले तरी लहान आहे. तेथे वाढलेला वाघ नवी जागा शोधीत नाल्यानाल्याने आमच्या पऱ्हाटीत येतो. येथे फाटक नाही, तिकीट नाही, म्हणून उत्पन्नही नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या फाटकावर जमणारा पैसा तेथील प्रतिष्ठानाकडे जातो व त्या प्रकल्पाच्या व भोवतालच्या गावांच्या कामी येतो. ते योग्यच, परंतु तळ्याकाठी ज्या जनावराचे दर्शन विकले जाते, त्याच जातीचे जनावर धुऱ्यावर उभे राहिले म्हणजे त्याचा सर्व भार एकट्या कास्तकाराने सोसावा, हा न्याय कसला? पर्यटनाच्या उत्पन्नाचा एक वाटा या बाहेरच्या गावांसाठी वेगळा काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी सुचवितात की राळेगावातही एखाद्या तलावाभोवती सफारी काढावी. आम्हांस हा मार्ग घाईचा वाटतो. आमच्या तलावांवर गावची गुरे पाणी पितात. फाटक लागले की पहिली बंदी त्यांनाच व्हायची.

वाघापेक्षा निकडीचा प्रश्न रात्रीच्या ओलिताचा आहे. हरभरा-गव्हाच्या दिवसांत पंपाची वीज पाळीने, अनेकदा मध्यरात्री मिळते. कास्तकार बॅटरी घेऊन एकटा दंडावर जातो. रोही व डुकरे राखण्यासाठी जागली करावी लागते ती वेगळीच. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्याकरिताच चालू आहे. तिच्यात वाघाचा वावर असलेल्या गावांस अग्रक्रम मिळावा. ग्रामसभांनी आपापल्या शिवारातील पंपांची यादी जोडून तसा ठराव पेरणी आटोपताच तहसीलदारांकडे धाडावा.