संरक्षण दगडाला, मुळांना नाही

गोव्यात सुर्ला एक नाही. डिचोली तालुक्यातील सुर्ला खाणपट्ट्यात येते, सत्तरीतील सुर्ला चोर्ला घाटात वसले आहे, तर धारबांदोडा तालुक्यातील तांबडी सुर्ला महादेवाच्या मंदिरासाठी सर्वश्रुत आहे. पहिल्याच्या वाट्याला खनिजवाहू ट्रक आले; उरलेल्या दोघांच्या वाट्याला आता पर्यटकांची पावले येत आहेत. किनाऱ्यांवरील भार हलका करून पाहुण्यांना अंतर्भागाकडे वळविण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आहे आणि ते योग्यही आहे. मात्र गर्दीची तयारी म्हणजे पार्किंग, प्रसाधनगृहे आणि फरसबंदी, असेच समीकरण होऊन बसले आहे. वाटेवरचे जुने झाड या हिशेबात कोठेच नसते.

तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते. सभोवार भगवान महावीर अभयारण्याचे रान आहे. दगड आणि रान, दोहोंना कायद्याचे छत्र आहे. पण महाशिवरात्रीला किंवा सुट्टीच्या दिवशी हजारो पावले ज्या मुळांवरून जातात, त्यांचा विचार कोणाच्या कामात मोडतो, हे ठरलेले नाही. गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याचा भर तोडीच्या परवानगीवर आहे. तुडवून मरणाऱ्या झाडासाठी परवानगीचा अर्ज कोण करणार?

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या एक-दोन फुटांतच पसरलेली असतात. सततच्या वर्दळीने माती दबते, तिच्यातील हवेची पोकळी नाहीशी होते, पाणी मुरत नाही. मग आपल्याकडचा पाऊस ती दबलेली माती वरच्यावर धुऊन नेतो आणि मुळे उघडी पडतात. चपला-बुटांनी त्यांची साल सोलली गेली की बुरशीला वाट मिळते. झाड लगेच पडत नाही. शेंडा विरळ होतो, फांद्या वाळतात, आणि वर्षांनंतर वादळात ते कोसळले की दोष वाऱ्याला दिला जातो.

यावर हमखास योजला जाणारा उपाय म्हणजे बुंध्यापर्यंत पेव्हर किंवा सिमेंटचा पार. तो रोगापेक्षा वाईट. जुन्या पारांत निदान दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असे. उघड्या मुळांवर मातीचा जाड थर ओतणेही घातकच, कारण त्याखाली मुळे गुदमरतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात महाकाय सिक्वोयांचे मारिपोसा बन दुरुस्तीसाठी 2015 ते 2018 बंद ठेवण्यात आले. वाहनतळ दूर हलवला, डांबर उखडले, ओलसर आणि नाजूक जागी लाकडी उन्नत वाटा केल्या. पर्यटक थांबले नाहीत, त्यांचे पाय तेवढे उचलले गेले. तांबडी सुर्ल्यात एवढा खर्च करण्याची गरजही नाही. वाट मुळांपासून काही हात बाजूला घेणे, जिथे ते शक्य नाही तिथे मुळांच्या फटींत टेकू देऊन उचललेली छोटी फळीवाट, दोरखंडाचे साधे कुंपण, आणि बुंध्याला न टेकवता दोन ते चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढ्याने बरेच साधते.

सत्तरीच्या सुर्ल्यात देवराई आहे. देवराईत माणसाची ये-जा देवाच्या धाकाने मोजकी राहत असे. त्या धाकाची जागा आज व्यवस्थापनाला घ्यावी लागेल. फळीवाटेसाठी पुरातत्त्व खाते आणि वन खाते यांची एकत्र संमती लागेल, त्यात वेळ जाईल. परंतु आवारात झाडून गोळा केलेला पाला जाळण्याऐवजी मुळांवर पसरायला कोणत्याही फाइलची गरज नाही. ते काम पुढच्या महाशिवरात्रीपूर्वी होऊ शकते.