हात जरा आवरा

या आठवड्यात माझा राग टाळीवर आहे. वादन चालू असताना, ठेका धरायला म्हणून श्रोते जी टाळी वाजवत राहतात, त्या टाळीवर.

शनिवारी इथे ग्लासगोत तरुण वादकांची मैफल होती. एका चर्चचं छोटं सभागृह, सतरा-अठरापासून बाविशीपर्यंतची मुलं, आणि फिडल, क्लारसाख नावाची छोटी हार्प, अकॉर्डियन, पाइप्स, गेलिक गाणी असा सगळा पारंपरिक स्कॉटिश मामला. या शहराला अशा मैफलींचं अप्रूप नाही. १९९४ पासून दर जानेवारीत इथे केल्टिक कनेक्शन्स महोत्सव भरतो, बीबीसी रेडिओ स्कॉटलंडच्या तरुण पारंपरिक वादकांच्या स्पर्धेची अंतिम फेरीही याच शहरात रंगते, आणि या संगीतात रीतसर पदवी घेण्याची सोय इथल्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉरमध्ये आहे. त्यामुळे श्रोते जाणकार असतील, असं मी गृहीत धरलं होतं.

एका मुलीने फिडलवर नील गाऊची विलापिका घेतली. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवण्याची तऱ्हा वेगळी. विलापिका संपता संपता तिने न थांबता स्ट्रॅथस्पे, म्हणजे नाचाच्या चालीचा एक प्रकार, सुरू केला, आणि तिसऱ्या रांगेतून टाळी सुरू झाली. दोन ओळींत अख्खं सभागृह त्यात सामील. स्ट्रॅथस्पेची सगळी गंमत त्याच्या झटक्यात आहे: आखूड स्वर आधी, लांब स्वर मागाहून, त्यामुळे चाल अडखळल्यासारखी वाटते आणि तरी डौलात पुढे सरकते. सरळसोट टाळीने तो झटका पार बुजून जातो. त्यात शंभर माणसांची टाळी कधी एका लयीत राहत नाही, ती पुढे पळते. त्या मुलीला लय वाढवावी लागली. तिच्या डाव्या हाताची बारीक कलाकुसर पुढे ऐकूच आली नाही.

टाळी वाजवणारे प्रेमाने वाजवत होते, हे मला मान्य आहे. केलीच्या रात्री, जिथे माणसं नाचायलाच जमतात, तिथे टाळ्या, पाय, आरोळ्या सगळं हवंच. हे संगीत नाचासाठीच घडलं आहे. पण नाचणारा लय पायात घेतो आणि वादकाला आधार देतो. खुर्चीत बसलेल्याची टाळी वादकाकडून लय काढून घेते. या संगीतात दाद द्यायची उत्तम जागाही आहे. एक चाल संपून दुसरी लागते, स्ट्रॅथस्पेवरून रील या जलद नाचाच्या चालीवर उडी पडते, त्या क्षणी जाणकार एकदम आरोळी ठोकतो. आपल्याकडे समेवर ‘वा’ निघते, तशी. पण ती उडी कळायला आधी कान मोकळे हवेत.

आणि ती विलापिका! नील गाऊ १७२७ ते १८०७ या काळातला, पर्थशरमधल्या डंकेल्डजवळच्या इन्व्हरचा. आयुष्यभर नाचाच्या दिवाणखान्यांत वाजवणारा माणूस. उलट्या गजाचा त्याचा जोर विशेष नावाजला गेला. रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र एडिनबरात आहे: चौकड्यांची आखूड विजार, हातात फिडल, चेहऱ्यावर कामाला बसलेल्या माणसाची शांतता. दुसरी पत्नी मार्गारेट वारली तेव्हा तो ऐंशीच्या घरात पोचत होता, आणि तेव्हा त्याने ही चाल बांधली. ती मेजर सप्तकात आहे. शोकाला आपण जे स्वर अपेक्षितो, त्यांतला एकही तिच्यात नाही. ती तक्रार करत नाही, रडत नाही. एकत्र काढलेल्या वर्षांबद्दल कृतज्ञ असलेला म्हातारा बोलतो तशी ती बोलते. आणि परवा ती एक अठरा वर्षांची मुलगी वाजवत होती! वरच्या स्वरावर जाताना तिने गज किंचित हलका केला, इतका की स्वर आहे की नाही असं वाटावं, आणि मग तो पूर्ण भरला. हे कुणी लिहून देत नाही. कुणाच्या तरी समोर बसून, कानाने घेतलेलं असतं ते.

कानाने घेण्यावरून सांगते. १९८१ साली स्कॉटलंडच्या बॅरा बेटावर पहिली फेश, म्हणजे पारंपरिक संगीत शिकवणारा मेळा, भरली. बेटावरच्या मुलांना शाळेत आपल्याच बेटाची गाणी नि वाद्यं शिकायला मिळत नव्हती, म्हणून गावकऱ्यांनीच शिकवण्या मांडल्या. आज देशभर चाळीसहून अधिक फेशी आहेत. तिथे गुरू एक ओळ वाजवतो, मुलं ती परत करतात, मग पुढची ओळ. जुने पाइपर तर पीब्रॉख आधी गाऊन शिकवत. त्यासाठी त्यांचे कान्तरख नावाचे बोल आहेत, ज्यांत स्वरांसाठी साधारणपणे ‘अ-इ-ओ’सारखे उच्चार आणि अलंकारांसाठी व्यंजनं येतात. संथ मूळ चाल, तिच्यावर एकाहून एक अवघड होत जाणारे विस्तार, शेवटी पुन्हा मूळ चाल, असं ते पीब्रॉख. दहा-पंधरा मिनिटं धीराने ऐकावं लागतं. शनिवारी एकानेही ते वाजवलं नाही.

मला खरी काळजी आहे ती याची. वादक मुलं हुशार असतात. कशावर सभागृह पेटतं आणि कशावर खोकतं, हे त्यांना दोन कार्यक्रमांत कळतं. आपण फक्त धावत्या रीलवर खूष होत राहिलो, तर पुढच्या वर्षी विलापिका एकाच ओळीची होईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी कार्यक्रमातून जाईल. बेटावरच्या माणसांनी एवढ्या खटपटीने पोरांच्या कानात जे घातलं, ते श्रोत्यांच्या उतावळेपणामुळे जाऊ नये.

म्हणून आयोजकांना माझी विनंती: तरुणांच्या प्रत्येक मैफलीत एक संथ चाल किंवा एक पीब्रॉख अख्खं ठेवा, त्याला पुरेसा वेळ द्या, आणि वादन चालू असताना टाळी नको, हे निवेदकाने सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. इथली अनेक मराठी घरं जानेवारीत महोत्सवाची तिकिटं काढतात. बैठकीत तासभर एक राग ऐकायची सवय आपल्याला आहे, ती इथेही वापरा. चाल बदलली की मनसोक्त ओरडा, संपली की उभं राहून टाळ्या वाजवा. मधला वेळ वादकाचा आहे.